बोटांवर हिशोब आणि आज्जींची निमकी

आमच्याकडे सांगलीत रोज संध्याकाळी एकच वाद. पोरगी पहिलीत आहे, बाईंनी शिकवलंय मोठी संख्या मनात, छोटी हातात, म्हणजे 6 आणि 3 असतील तर सहा डोक्यात ठेवायचे, तीन बोटं उघडायची आणि म्हणायचं सात, आठ, नऊ. आज्जी, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐंशीला टेकल्यात, त्यांचं म्हणणं बोटं कसली घालताय, तोंडपाठ पाहिजे!

आता आज्जींचं कुठून येतं ते बघा. जुन्या पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अंक गिरवायचे आणि मग पाढे, त्यातच पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळं सुरात. आपल्याला वाटतं नुसती घोकंपट्टी, पण तेव्हा रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, पैशाच्या 3 पया, वजनात मणाचे 40 शेर. पावणेदोन शेर माल साडेतीन आणे शेराने घेतला तर किती झाले? मी मोबाईल काढेपर्यंत आज्जी म्हणाल्या, सहा आणे दीड पै. कागदावर करत बसलं असतं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं असतं ना, म्हणून ते पाठ.

1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, रुपयाचे 100, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि पावकी-निमकीचं कामच गेलं. सवय मात्र राहिली, अंकलिपीत पण आणि घराघरात पण.

वजाबाकीचं तर आणखी वेगळंच. वजा आणि बाकी हे दोन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले, दफ्तरातले, वसुलीतले, एवढे वजा आणि उरली ती बाकी. आणि हा मोठ्यांच्या जमाखर्चाचा शब्द आपण सहा वर्षांच्या पोराला देतो, मग ते गोंधळणारच. पोरांच्या तोंडी गेले आणि उरले असतं. मी तासगावचे बेदाणे मांडले, सात, म्हटलं तीन खा, किती उरले? तिने तीन खाल्ले, चार मोजले, बरोबर सांगितलं आणि मग ते चारही खाऊन म्हणाली आता शून्य. शून्य शिकवायचं माझ्या डोक्यात पण नव्हतं.

ही वस्तू हातात द्यायची पद्धत आपल्याकडे नवी नाही, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 ला बोर्डीत बालवाडी काढली ती आसपासच्या साध्या वस्तूंवरच, पण झेडपीच्या शाळांत तिचा खरा बोलबाला झाला 2015 च्या आसपास, आणि तो आपल्या शेजारच्या साताऱ्यातून. कुमठे बीट, बीट म्हणजे एका अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट, आणि तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे. फरशीवर रंगवलेले आकडे, मण्यांच्या माळा, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, पोरं जमिनीवर बसून आपापलं करतायत. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला यायचे, आणि आल्यावर कुणी नुसत्या फरशा रंगवून घेतल्या, ते जाऊ दे.

मग 2019 ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक आलं तेव्हा केवढा दंगा झाला आठवतंय ना. गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. मुद्दा साधा होता, एकवीस म्हणताना एक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी, तर पोरगं 12 लिहिणारच. आज्जी तेव्हा पण विरोधात होत्या, म्हणाल्या, मग त्र्याहत्तरला काय सत्तर तीन म्हणू का आता या वयात?