मेंढम्स पॉइंट, सोनापूर, शिवडी

मुंबईतल्या इंग्रजांची दफनभूमी दोनदा हलली. दोन्ही वेळा ती शहराबाहेर नेली आणि दोन्ही वेळा शहर तिच्या दारात येऊन उभं राहिलं. शिवडी हा तिसरा मुक्काम.

पहिला कुलाब्याच्या वाटेवरचा मेंढम्स पॉइंट. त्या काळी मुंबईत उतरलेला गोरा माणूस दोन पावसाळे काढेल तेवढंच त्याचं आयुष्य, अशी म्हणच पडली होती. १६८९ मध्ये आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्यानं ती लिहून ठेवली आहे. मेंढम्स पॉइंट बंद झाला तो मात्र लढाईच्या धास्तीनं. फ्रेंच चालून आले तर किल्ल्यासमोरची थडगी त्यांना आयता आडोसा देतील, म्हणून १७६० च्या सुमारास दफनभूमी सोनापूरला, आजच्या मरीन लाइन्सला गेली.

शंभर वर्षांत सोनापूरलाही वस्तीनं वेढलं. शेजारीच हिंदूंचं स्मशान आणि मुसलमानांचं कब्रस्तान. सरकारनं हिंदू स्मशान शिवडीला हलवायचा घाट घातला, तेव्हा नाना शंकरशेट आडवे आले. गिरगावातून तिरडी खांद्यावर घेऊन शिवडी गाठायची म्हणजे काय, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको! नानांनी बेत हाणून पाडला. चंदनवाडीचं स्मशान आजही तिथेच आहे. गोऱ्यांची दफनभूमी मात्र गेली.

१८६० च्या दशकात म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी त्यासाठी शिवडीची जागा घेतली. ती मूळची अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची, म्हणजे शेती-बागायतीच्या संस्थेची बाग. सोसायटीचं बिऱ्हाड भायखळ्याच्या राणीच्या बागेत हललं.

व्हीटी उभारणारे फ्रेडरिक स्टीव्हन्स (मृत्यू १९००) आणि गेटवेचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट (मृत्यू १९२६) शिवडीतच आहेत. पण ही जागा साहेबांपुरती राहिली नाही. टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष काका बॅप्टिस्टा यांना १९३० मध्ये इथेच दफन केलं. माझ्या मते शिवडीत आधी बघावी ती हीच कबर. कवी डॉम मोराइसही इथेच.

आता तिसऱ्यांदा हलवायला शहराबाहेर जागाच उरलेली नाही. म्हणून साध्या कबरी काही काळानं पुन्हा उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून तोंडावर नावाची छोटी फरशी बसवतात आणि त्याच खड्ड्यात पुढचं दफन होतं.