चट्टा एकीकडे, सांधे दुसरीकडे: ल्युपसच्या निदानाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या गालांवर लाल चट्टे उठले की घरचे आधी उन्हाला दोष देतात, मग नव्या क्रीमला. बोटं-मनगटं दुखू लागली तर "वाढीचं वय आहे" म्हणून तेल चोळायचं. पावसाळा नुकताच सरला असेल तर चिकुनगुन्या ठरलेलाच. तो संशय वावगाही नाही, त्यातही पुरळ आणि सांधेदुखी दोन्ही असतात. पण दुखणं आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, तेव्हा चट्टा त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो आणि सांधे हाडांच्या. दोन्हींमागे एकच आजार असू शकतो: ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटणं.

ही फारकत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात ल्युपस हा त्वचेचाच रोग मानत. गालांवरच्या लालीला फुलपाखराची उपमा दिली ती व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी. ताप, सांधेसूज हीसुद्धा त्याच आजाराची लक्षणं आहेत, हे १८७२ मध्ये मोरिट्झ कापोसी यांनी मांडलं. हे हेब्रांचेच जावई. पुढे डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी अशा रुग्णांत हृदय आणि मूत्रपिंडही बिघडतात, हे दाखवलं.

तरी निदान नजरेवरच चालायचं. १९४८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर हारग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांना रुग्णांच्या अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या, तेव्हा पहिल्यांदा प्रयोगशाळेचा पुरावा हाती आला. १९५७ मध्ये संशोधक जॉर्ज फ्रिऊ यांनी पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी (रक्तातली प्रतिकार करणारी प्रथिनं) चमकवून दाखवणारी पद्धत वापरली. या अँटिबॉडी रक्तात शोधणारी आजची एएनए तपासणी त्यातूनच आली. मात्र निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येते. नुसता तो कागद बघून घाबरणारे पालक आणि घाबरवणारे लोक, दोघांनाही आवरावं लागतं.

युरोप-अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या ल्युपसच्या निकषांत एएनए ही फक्त पहिली पायरी आहे. पुढे गुण मोजतात आणि १० पुरतात. चेहऱ्याच्या खास चट्ट्याला ६, सांध्यांना ६. अट अशी की दुसरं सयुक्तिक कारण नसावं. हे निकष खरं तर संशोधनासाठी आहेत, पण विचाराची दिशा देतात. जाणता डॉक्टर आधी नाकाच्या कडेने ओठांकडे उतरणारी घडी बघतो: ल्युपसची लाली ती बहुधा सोडून देते. मग विचारतो, सकाळी वेणी घालताना बोटं वळतात का? आणि लघवी तपासायला सांगतो, कारण मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काही दुखत नाही.