चौकी

चौकी : राखणीची जागा, तेथे नेमलेली माणसे आणि राखणीची पाळी या तिन्ही अर्थांनी मराठीत रूढ असलेला शब्द. बसण्याचे चार पायांचे ठेंगणे आसन, हा आणखी एक अर्थ.

संस्कृत ‘चतुष्क’ (चारांचा समूह, चौकोनी अंगण, चव्हाटा), प्राकृत ‘चउक्क’, त्यावरून ‘चौक’ आणि ‘चौकी’ ही परंपरा सर्वसाधारणपणे मान्य आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या इंग्रजीत रूढ झालेल्या भारतीय शब्दांच्या कोशानेही शब्दाचे सर्व अर्थ ‘चार’ या संख्येशीच जोडले आहेत. प्रश्न उरतो तो राखणीचा अर्थ कोठून आला याचा. चार रस्ते मिळतात तेथे पहारा बसे म्हणून, असे एक स्पष्टीकरण. पहारेकरी ज्या आसनावर बसे त्यावरून, असे दुसरे. दुसरे सोपे असले तरी पुरेसे वाटत नाही. अकबराच्या राज्यकारभाराची माहिती देणाऱ्या, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात राजदरबारी पहाऱ्याला हिंदीत चौकी म्हणतात, असे नोंदले आहे. तेथे सैन्याचे सात भाग करून प्रत्येकाला आठवड्याचा एकेक दिवस नेमून दिलेला आहे. म्हणजे त्या काळी तरी शब्दात जागेइतकाच, किंबहुना अधिक, पाळीचा अर्थ होता. ‘चौकी देणे’ या प्रयोगातही बोध होतो तो कामाचा, इमारतीचा नव्हे. जोडशब्द ‘चौकी-पहारा’ याला पूरक ठरतो, कारण ‘पहारा’ हाही ‘प्रहर’ या कालवाचक शब्दापासून आला आहे. ‘गस्त’ मात्र फार्सी असून तिच्यात फिरण्याचा अर्थ आहे. चौकी एका ठिकाणची. ‘चौकीदार’मधील ‘दार’ हा प्रत्ययही फार्सी आहे.

इंग्रजीत हाच शब्द ‘चोकी’ असा जाऊन बोलभाषेत तुरुंग या अर्थाने रुळला.

पेशवाईतील पुण्यात शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. घाशीराम सावळदास १७७७ ते १७९१ या काळात त्या पदावर होता. बुधवार पेठेतील ‘कोतवाल चावडी’ हे स्थळनाम त्या व्यवस्थेची खूण आहे. चावडी आणि चौकी एक मानू नयेत : चावडी कारभाराची व न्यायनिवाड्याची जागा, चौकी राखणीची.

पुणे पोलीस आयुक्तालय १९६५ मध्ये स्थापन झाले. आजच्या रचनेत चौकी पोलीस ठाण्याच्या (संस्कृत ‘स्थान’) हाताखाली येते. बोलण्यात हा भेद नेहमी पाळला जात नाही. जकातीच्या ठिकाणांना पुण्यात ‘नाका’ हा शब्द अधिक रूढ होता.