तीनचाकीची चौकट: पोलाद की अ‍ॅल्युमिनियम?

सामान वाहणारी बॅटरीवरची तीनचाकी घरी बांधायची, तर पाइप कुठला घ्यायचा? अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतं. पण ताठपणाही तेवढाच, एक तृतीयांश. त्यामुळे पोलादाच्या जागी त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घातला, तर तेवढ्याच वजनाखाली चौकट तिप्पट वाकते.

यावर उपाय म्हणजे रुंद पाइप. २५×२५ मिमीचा, २ मिमी जाडीचा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) चौकोनी पाइप मीटरला १.४४ किलो भरतो. तेवढ्याच जाडीचा ३८×३८ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम पाइप ०.७८ किलो भरतो, आणि तरी एक तृतीयांश जास्त ताठ असतो. १२ मीटर पाइप लागला तर जवळपास ८ किलो वाचतात. कागदावर अ‍ॅल्युमिनियमच सरस.

घात होतो तो जोडावर. ६०६१-टी६ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला बळ येतं उष्णता-प्रक्रियेतून, आणि वेल्डिंगची आच नेमकं तेच बळ घालवते. जोडालगतच्या पट्ट्यात ते निम्म्याहून कमी उरतं. कारखान्यात अख्खी चौकट पुन्हा भट्टीत घालता येते, घरी ती सोय नाही. शिवाय हा धातू ६६० अंशांच्या आतच वितळतो, पण त्यावरची ऑक्साइडची साय २००० अंशांच्या पुढे. ती फोडायला एसी टिग वेल्डिंग मशीन, आरगॉन वायू आणि सराईत हात लागतो.

त्यात आपले खड्डे. ताण एका मर्यादेखाली ठेवला, तर पोलाद असे हिसके जवळपास कितीही सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. प्रत्येक हिसक्याचा हिशोब साठत जातो आणि एक दिवस वेल्डच्या कडेला केसासारखी चीर दिसते.

म्हणून पहिली चौकट एमएसचीच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. २.५ मिमीचा ६०१३ वेल्डिंग रॉड, ६० ते ७० अँपिअर. आधी सगळे जोड फक्त टॅक करा, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड करून तात्पुरते धरा, आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टॅक तोडून पुन्हा बसवा. मग समोरासमोरचे जोड आलटून-पालटून, थोडे थोडे भरा. एकच जोड सलग भरला की थंड होताना तो पाइप ओढतो आणि चाकं तिरकी बसतात. हँडलच्या नळीपाशी ३ मिमी पत्र्याचे त्रिकोणी गसेट (कोपऱ्याला आधार देणारे तुकडे) हवेतच. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप टाळा: वेल्डिंग करताना निघणाऱ्या जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

अ‍ॅल्युमिनियम वापरायचंच असेल तर तळाच्या पत्र्याला वापरा. तो बोल्टने बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर आणि रबराची पट्टी घाला. नाहीतर कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत पोलादाला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजत जातं, आणि बोल्टाचं भोक मोठं होत जातं.