सापसुरळी विषारी नसते

कुंडी सरकवली की खालून तपकिरी, चकचकीत काहीतरी सळसळत जातं आणि घरात झाडूची शोधाशोध सुरू होते. ‘सापाची मावशी’ चावली तर माणूस पाणी मागत नाही, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. साफ खोटं. सापसुरळीला ना विषदंत, ना विषग्रंथी. नीट पाहा: चार आखूड पाय, डोक्याच्या बाजूला कानाचं भोक आणि उघडझाप करणाऱ्या पापण्या. सापाला यातलं काहीच नसतं.

शत्रूनं पकडलं तर तिचं शेपूट तुटून वळवळत राहतं. मांजर त्यात गुंततं, ही पसार. (भीतीचं निम्मं मूळ बहुधा या वळवळीतच असावं.) शेपूट पुन्हा फुटतं. एरवी ऊन खायचं आणि नाकतोडे, झुरळं, कोळी मटकवायचे, एवढाच तिचा उद्योग.