टर्मिनल स्क्रीनचे वेब रूपांतर

मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचे केंद्रीय संगणक) किंवा एएस/400 (आयबीएमचे मध्यम आकाराचे व्यावसायिक संगणक) यांवरील जुन्या व्यावसायिक प्रणालींच्या अक्षरी स्क्रीन ब्राउझरमध्ये आणण्याचे काम. या स्क्रीन बहुतेक आयबीएमच्या 3270 (1971) आणि 5250 या टर्मिनलांसाठी (मुख्य संगणकाला जोडलेला पडदा व कीबोर्ड) लिहिलेल्या असतात. नेहमीचा आकार 24 ओळी व 80 स्तंभ, म्हणजे 1920 अक्षरे. मागचे कोबॉल वा आरपीजी या भाषांतले प्रोग्राम वर्षानुवर्षे हिशेब चोख करत आलेले असतात. त्यांना शक्यतो हात न लावता समोरची बाजू तेवढी नवी करायची असते.

झटपट मार्ग म्हणजे स्क्रीन स्क्रेपिंग. मधला सर्व्हर टीएन3270 किंवा टीएन5250 या नेटवर्कवरून टर्मिनल जोडण्याच्या प्रोटोकॉलने टर्मिनल बनून जोडला जातो आणि आलेल्या स्क्रीनचे एचटीएमएल करतो. स्क्रीनची ओळख ठरावीक ओळ-स्तंभावरच्या मजकुरावरून पटते. त्यामुळे कोणी शीर्षक एक स्तंभ सरकवले तरी ती अनोळखी ठरते. सोर्स हाती असेल तर डीडीएस (एएस/400 वर) किंवा बीएमएस मॅप (मेनफ्रेमवर) या स्क्रीनच्या आराखड्यांवरून पाने तयार करणे कितीतरी भरवशाचे, कारण रकान्याचे नाव, लांबी आणि प्रकार तिथे लिहिलेलेच असतात.

खरी अडचण दिसण्याची नाही, वाट पाहण्याची आहे. आरपीजीची ईएक्सएफएमटी आज्ञा स्क्रीन पाठवून तिथेच थांबते. चालू स्थिती आणि रेकॉर्डवरचे लॉक तोवर जॉबपाशीच (त्या वापरकर्त्यासाठी चालू असलेल्या कामापाशीच) राहतात. ब्राउझर ज्याने सर्व्हरशी बोलतो त्या एचटीटीपीला मात्र प्रत्येक विनंती नवी. वापरकर्त्याने टॅब बंद केला तरी जॉब चालूच राहतो आणि त्या ग्राहकाचे रेकॉर्ड दुसऱ्याला बदलता येत नाही. म्हणून ठरावीक वेळ हालचाल नसेल तर सर्व्हरने एफ3 (बाहेर पडा) किंवा एफ12 (रद्द करा) या कळा पाठवून रीतसर बाहेर पडावे. जोडणी तोडणे हा शेवटचा उपाय. ‘मागे’ बटण दाबल्यावर ब्राउझर जुने पान दाखवतो, प्रोग्राम पुढच्या स्क्रीनवर असतो, आणि भरलेली माहिती भलत्याच रकान्यांत जाते. प्रत्येक पानाला अनुक्रमांक द्यावा व तो जुळला नाही तर काहीही पुढे न पाठवता चालू स्क्रीन पुन्हा दाखवावी. सीआयसीएस या मेनफ्रेमवरील व्यवहार-प्रणालीचे स्यूडो-कन्व्हर्सेशनल प्रोग्राम स्क्रीन पाठवून संपतात आणि पुढच्या फेरीची माहिती बहुधा कॉमएरियात (सीआयसीएस सांभाळते ती जागा) ठेवतात. असे प्रोग्राम वेबवर सहज बसतात. सुरुवात त्यांच्यापासून करावी.

कीबोर्डकडे दुर्लक्ष केले तर रोजच्या नोंदी करणारे लोक नवी प्रणाली स्वीकारत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असते. एफ5 ने पान पुन्हा लोड होते, एफ11 ने पूर्ण स्क्रीन होते; या कळा स्क्रिप्टने अडवाव्या लागतात. टर्मिनल अक्षरावर अक्षर लिहितो: 1250 च्या आरंभी 9 टंकून फील्ड एक्झिट (उरलेला रकाना पुसून पुढे नेणारी कळ) दाबले की 9 उरतो. ब्राउझरमध्ये तिथेच क्लिक करून 9 टंकला तर 91250 होतात. सराईत हात स्क्रीन येण्याआधीच पुढचे टंकतात. पान लोड होताना त्या कळा हरवतात, म्हणून त्या स्क्रिप्टमध्ये रांगेत धरून ठेवाव्यात.

मराठी नावे साठवायची असल्यास रकान्यांची लांबी आधी तपासावी. यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दातच 30 बाइटांचा रकाना भरतो. रकाना वाढवला की ती फाइल थेट वापरणारे आरपीजी प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावे लागतात, नाहीतर फाइल उघडतानाच लेव्हल चेकची (फाइलची रचना प्रोग्रामला माहीत असलेल्या रचनेशी जुळत नसल्याची) त्रुटी येते.