रेडिएटरचा नॉब म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे

सप्टेंबर सरत आला, सकाळी काचेवर आतून बाष्प धरायला लागलं, की जर्मनीतल्या मराठी घरांमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो: हीटिंग कधी चालू करायचं? सल्लेही ठरलेले असतात. कोणी म्हणतं, १ ऑक्टोबरच्या आधी हात लावायचा नाही. कोणी म्हणतं, दोन स्वेटर घाला आणि नोव्हेंबरपर्यंत कळ काढा. आणि कोणीतरी हमखास सांगतं, की संध्याकाळी घरी आल्यावर तासभर ५ वर ठेवायचं, खोली तापली की बंद करून टाकायचं, बिल निम्म्यावर येतं. नव्याने आलेल्या प्रत्येक जोडप्याला हा तिसरा सल्ला कोणी ना कोणी देतंच, आणि तिन्हींत तोच सगळ्यात चुकीचा आहे.

या सगळ्या गोंधळाचं मूळ एकच. रेडिएटरच्या, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या यंत्राच्या, नॉबवर १ ते ५ आकडे असतात, आपल्या पंख्याच्या रेग्युलेटरवरही १ ते ५ असतात, आणि आपण दोन्ही एकच समजून चालतो.

रेग्युलेटरबद्दल मराठी माणसाला काही सांगायला नको. १ वर पंखा रेंगाळतो, ५ वर गरगरतो. खोलीत किती उकडतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उकाडा वाढला की आपण उठतो आणि वाढवतो, पहाटे गारठलो की कमी करतो. तिथे आकडा म्हणजे वेग आणि निर्णय आपला.

रेडिएटरच्या नॉबवरचा आकडा हा वेग नाही, तापमान आहे. ३ म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअस. २ म्हणजे १६, १ म्हणजे १२, ४ म्हणजे २४ आणि ५ म्हणजे तब्बल २८. दोन आकड्यांच्या मधे बारीक तीन रेघा असतात, त्यातली प्रत्येक सुमारे एका अंशाची. हिमकणाचं चिन्ह असतं तिथे ६ अंशांच्या आसपास, म्हणजे फक्त पाणी गोठू नये एवढ्यापुरतं. कंपनीनुसार यात थोडाफार फरक पडतो, पण ३ म्हणजे २० हे बहुतेक घरांत जुळतं.

नॉबच्या डोक्यात मेण, द्रव किंवा वायू भरलेली एक छोटी डबी असते. भोवतालची हवा तापली की आतला पदार्थ प्रसरण पावतो, खालची पिन दाबतो आणि गरम पाण्याची झडप हळूहळू बंद करतो. हवा गार झाली की तो आकसतो, पिन वर येते, पाणी पुन्हा वाहू लागतं. यात वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. तुम्ही आकडा लावता तेव्हा "इतकं तापमान झालं की थांब" एवढंच सांगत असता. पुढचं उठणं-बसणं तो स्वतः करतो. एसीच्या रिमोटवर आपण २४ लावतो आणि विसरतो, त्याच जातीचं हे यंत्र आहे.

आता ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापते का, ते बघा. खोलीत १६ अंश आहेत. ३ लावलं तर लक्ष्य चार अंश दूर, म्हणून झडप जवळजवळ पूर्ण उघडी. ५ लावलं तर लक्ष्य बारा अंश दूर, झडप तेवढीच उघडी. पूर्ण उघड्या झडपेपेक्षा जास्त उघडी झडप नसते. शेवटच्या एखाद्या अंशाला ३ वरचा नॉब पाणी कमी करत नेतो, तेवढाच काय तो फरक. पण २० अंश झाल्यावर ३ थांबतो आणि ५ थांबत नाही, तो २८ च्या मागे लागतो. मग घाम येतो, मग खिडकी उघडली जाते, आणि पैसे खरोखरच खिडकीबाहेर जातात. हे दर हिवाळ्यात घराघरांत बघून जीव तुटतो, कारण ही माणसं काटकसर करायला निघालेली असतात.

म्हणूनच "कधी चालू करायचं" हा प्रश्न रेग्युलेटरवाल्याचा आहे. सप्टेंबरच्या मध्यावर बसायच्या खोलीत ३ लावा, झोपायच्या खोलीत २ किंवा जरा वर, आणि सोडून द्या. ऊन पडलं, खोली २२ वर गेली, तर झडप बंद राहील आणि एका सेंटचंही पाणी वाहणार नाही. थंडीची लाट आली तर ती आपोआप उघडेल. तारखेची वाट बघणं किंवा दात वाजेपर्यंत थांबणं, दोन्हींची गरज उरत नाही. पैसे वाचवायचेत तर तीनवरून एक रेघ खाली या: खोलीचं तापमान एका अंशाने उतरवलं की हीटिंगचा खर्च साधारण ६ टक्क्यांनी कमी होतो. मला स्वतःला १९ अंश आणि पायात जाड मोजे हीच जोडी पसंत आहे.

१ ऑक्टोबरचं प्रकरण वेगळं आहे आणि तेवढं गुंतागुंतीचंही नाही. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हा भाडेकरारांमध्ये रूढ असलेला हीटिंगचा हंगाम. त्या काळात दिवसा घर २० ते २२ अंशांपर्यंत तापेल अशी व्यवस्था ठेवणं हे घरमालकाचं काम. भाडेकरूने कधी सुरू करावं याच्याशी त्या तारखेचा संबंध नाही.

तळघरातला बॉयलर मात्र लक्षात ठेवा. बहुतेक इमारतींत बाहेरच्या भिंतीवर एक सेन्सर असतो, आणि बाहेरचं तापमान ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर बॉयलर गरम पाणी रेडिएटरकडे पाठवतच नाही. जुन्या इमारतींत ही मर्यादा १५ अंशांच्या आसपास असते, नव्या, चांगल्या इन्सुलेशनच्या इमारतींत त्याहून कमी. त्यामुळे सप्टेंबरात नॉब ३ वर आणि रेडिएटर गारढोण असेल तर लगेच हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, फोन लावू नका. घरात २० च्या खाली उतरलंय आणि बाहेरही गारठा टिकून आहे, असं झालं तर जरूर लावा. शेजारच्या खोलीतला रेडिएटर तापतोय आणि एकच थंड आहे, तर बहुधा उन्हाळाभर बंद ठेवल्यामुळे त्याची पिन अडकलेली असते. म्हणून मे महिन्यात, बॉयलर थांबल्यावर, नॉब पूर्ण उघडे ठेवावेत. आणि वरचा भाग गरम, खालचा गार, ही तक्रार नव्हे. खोली हव्या त्या तापमानाला आली की रेडिएटर तसाच दिसतो. वर गार आणि खाली गरम असेल, गुळगुळ आवाज येत असेल, तर आत हवा अडकलीय. ती काढायची.

नॉब खोलीचं तापमान मोजतो हे एकदा पटलं, की पुढच्या दोन सवयी बघवत नाहीत. पहिली, रेडिएटरसमोर सोफा किंवा जमिनीपर्यंत पडदा. पडद्यामागे कोंडलेली गरम हवा नॉबला लागते, त्याला वाटतं खोली तापली, आणि तो बंद होतो. सोफ्यावर बसलेले मात्र कुडकुडतात आणि ५ लावतात. दुसरी, खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं. थंड हवा थेट नॉबवर उतरते आणि तो बिचारा रस्ता तापवत बसतो. हवा खेळवायची तर नॉब हिमकणावर आणा, खिडकी सताड उघडा, पाच-दहा मिनिटांत बंद करा, नॉब पुन्हा जागेवर. दिवसातून दोन-तीनदा.

आपल्या घरांना ही हवा खेळवणं जास्तच लागतं. कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, आंघोळी, आणि त्यात रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. दिवसभर बंद आणि रात्री तासभर ५, या पद्धतीत हवा तापते पण भिंती थंडच राहतात. मग थर्मामीटर २० दाखवतो तरी अंगाला गार लागतं, कारण शरीराची उष्णता त्या थंड भिंतींकडे जात राहते. आणि स्वयंपाकघरातली वाफ जाऊन बसते ती न तापवलेल्या बेडरूममध्ये. बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट ओढून बघा: स्कर्टिंगच्या जरा वर, कोपऱ्यात, आधी राखाडी ठिपके दिसतात, हात लावला तर भिंत दमट लागते. महिनाभरात ते काळे होतात आणि कपड्यांना कुबट वास येतो. मग बुरशी कोणामुळे, यावर घरमालकाशी वाद, आणि डिपॉझिट अडकतं. ऑफिसला जाताना दोन-तीन अंश उतरवले तर उत्तमच, ऊर्जा वाचते. पूर्ण बंद करू नका, विशेषतः जुन्या इमारतीत. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

बिल येतं तेव्हा आणखी एक धक्का बसतो: "आम्ही तर लावलंच नाही, तरी एवढं?" हीटिंगच्या खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग तुमच्या वापरावर लागतो, उरलेला घराच्या क्षेत्रफळावर. तो उरलेला भाग तुम्ही कुडकुडलात तरी भरायचाच आहे.

अंडरफ्लोअर हीटिंग असेल तर भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला हेच सगळं लागू. फक्त तिथे जमीन तापायला आणि निवायला कित्येक तास लागतात, त्यामुळे रोज वर-खाली करण्यात काही अर्थ नाही.

डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जाणार असाल तर नॉब हिमकणावर टाकून निघू नका. दीड ते दोनच्या मधे ठेवा, आतली दारं उघडी ठेवा, ओले कपडे घरात सोडू नका, आणि शेजाऱ्याकडे किल्ली द्या, म्हणजे त्यांना मधूनमधून येऊन खिडक्या उघडता येतील.